हात लावू नये

दुपारी चार वाजता माझी परीक्षा होती, आणि सकाळी नऊ वाजता कॉम्प्युटर मला ओळख दाखवत नव्हता.

'आपली प्रणाली जुनी आहे. कृपया आधी अपडेट करा,' असं स्क्रीनवर लिहून आलं होतं. खाली एक निळं बटण. भाषा अगदी साखरेत घोळलेली. पण चौदा वर्षं साहेबलोकांच्या हाताखाली काढली की गोड बोलून केलेला अपमान बाईला लांबूनसुद्धा ओळखता येतो.

मी लॅबमध्ये रक्त काढते. ज्यांच्या शिरा सापडत नाहीत अशी म्हातारी माणसं, सुई बघून डोळे पांढरे करणारे पैलवान, दोन दिवसांची बाळं, सगळी माझ्या खुर्चीत येतात, कारण माझी सुई एकदाच जाते. हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नाही. बघून बघून शिकले. ज्यांच्या भिंतीवर प्रमाणपत्रं टांगलेली आहेत ती पोरं-पोरी माझा हात बघून शिकली. आणि आता नियम आला: पुढच्या एक तारखेपासून ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याने सुई हातात धरायची नाही. नियम करणाऱ्याने जन्मात एक तरी शीर शोधली असेल तर माझं नाव बदला. जुन्या लोकांवर उपकार म्हणून एकच परीक्षा ठेवली. एकदाच. आज. चारच्या ठोक्याला दार बंद. जो आत नाही तो कायमचा बाहेर.

परीक्षा घरच्या कॉम्प्युटरवर द्यायची होती. ज्या मशीनची नोंद केली तेच मशीन, कॅमेरा चालू, दार लावलेलं, खोलीत दुसरं माणूस नाही. शेजाऱ्यांचं मशीन चालत नाही, फोन चालत नाही. पंधरा दिवसांपूर्वी मी सगळं तपासून घेतलं होतं, सगळं सुरळीत होतं. काल परीक्षावाल्यांनी आपला प्रोग्राम बदलला आणि माझं मशीन एका रात्रीत म्हातारं झालं.

मी निळं बटण दाबलं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. छत्तीस वर्षं खांबावर चढले-उतरले आणि दहाही बोटं शाबूत घेऊन घरी आले, हा त्यांचा मोठा अभिमान. आई गेल्यावर, म्हणजे दहा महिन्यांपूर्वी, ते माझ्याकडे राहायला आले. एक पत्र्याची पेटी, दोन चष्मे आणि पायात सपाता. त्या सपातांचा फटफट आवाज आला की बाबा घरात कुठे आहेत ते कळतं.

पावणेदहापर्यंत अपडेट चाळीस टक्क्यांवर आलं. त्याला माझ्या तोंडाकडे बघत बसायची गरज नाही, असा विचार करून मी आंघोळीला गेले. केस पुसत बाहेरच्या खोलीत आले तर स्क्रीन काळीठिक्कर. ही यंत्रं मध्येच आपली आपण बंद होऊन परत चालू होतात, हे मला माहीत होतं. थोडं थांबले. पॅसेजमध्ये कुठेतरी 'टक' झालं. मी मशीनचं बटण दाबलं.

'बदल पूर्ण करता आले नाहीत. बदल मागे घेत आहोत. कॉम्प्युटर बंद करू नका.'

"बाबा!" मी ओरडले. "तुम्ही याला हात लावलात का?"

"कशाला?" बाबा दारात आले. हातात घडी घातलेला पेपर.

"कॉम्प्युटरला!"

"मी कशाला लावू? तुझं ते यंत्र, तुझी परीक्षा. बोटसुद्धा लावलेलं नाही."

बाबा खोटं बोलत नाहीत. तो त्यांचा मोठेपणा वगैरे नाही, त्यांना ते जमतच नाही. बोलायला गेले की कान लाल होतात. मी कानांकडे बघितलं. कान नेहमीसारखे होते.

बदल मागे घ्यायला त्या मशीनला पाऊण तास लागला. माझी पाऊण तासाची चूक नसताना मला पाऊण तासाची शिक्षा. साडेदहा वाजले होते. परत निळं बटण दाबलं आणि या वेळी खुर्चीत ठाण मांडून बसले. उठायचं नाही, चहा नाही, फोन नाही. पन्नास टक्के. पंचावन्न. साठ. एकसष्टवर आकडा थांबला. दहा मिनिटं थांबला. मी त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे. मग स्क्रीनवर एक लांबलचक आकडा आला, त्याच्याखाली 'काहीतरी चुकलं', आणि परत तेच: बदल मागे घेत आहोत.

काहीतरी चुकलं! काय चुकलं ते सांगायची हिंमत नाही. मी पेशंटला असं सांगितलं तर? 'काका, तुमच्या रक्तात काहीतरी चुकलं, घरी जा.' लोक खुर्ची उचलून डोक्यात घालतील.

बारा वाजायला आले. मी दादाला फोन लावला. कॉम्प्युटर त्यानेच घेऊन दिलेला. तो दुसऱ्या गावात राहतो आणि आमचं घर तिथून आपणच चालवतो, अशी त्याची समजूत आहे.

"बंद करून परत चालू कर," दादा म्हणाला. "जगातले नव्वद टक्के रोग त्यानेच बरे होतात."

"मी उरलेल्या दहा टक्क्यांत आहे."

"मग तू काहीतरी भलतंच दाबलं असशील."

"दादा, मी दिवसाला चाळीस माणसांना सुई टोचते. भलतीकडे एकालाही टोचलेली नाही."

"तेच म्हणतोय मी. तू आपली सुई टोच, मशीनच्या वाटेला जाऊ नकोस. रविवारी येतो, बघतो काय ते."

"रविवारी काय माझं तेरावं जेवायला येतोस? परीक्षा आज आहे!"

फोन आपटला. मशीनच्या कंपनीच्या हेल्पलाइनचा नंबर डब्याच्या मागच्या बाजूला होता. पंचवीस मिनिटं एक बाई मला सांगत राहिली की माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा आहे तर उचल ना, बाई! शेवटी एका पुरुषाने उचलला. त्याला भयंकर सर्दी झालेली होती. दर वाक्याला नाक ओढत होता. पण माणूस कामाचा निघाला, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण अशा माणसांचं नाव कुठे लागत नाही.

"ताई, घाबरू नका. तो आकडा वाचून दाखवा."

मी वाचला.

"हं. अर्धवट उतरलेल्या फायली. म्हणजे बघा, आधीचं अपडेट मध्येच तुटलंय, त्याचे तुकडे आत पडलेत, आणि नवीन येतं ते त्या तुकड्यांना अडखळून पडतंय." नाक ओढलं. "आता एक करा, अपडेटचा इतिहास उघडा. मी सांगतो कुठे ते. आधी कधी कधी फसलंय ते तारीख-वेळेसकट कागदावर उतरवून घ्या. मला आकडे लागतील."

लॅबच्या एका कोऱ्या पावतीच्या पाठीमागे मी उतरवून घेतलं. एक नाही, दोन नाही, अकरा वेळा. नऊ महिने हे मशीन मला न सांगता, रिकामं असेल तेव्हा अपडेट करायला बघत होतं आणि तोंडावर आपटत होतं. मला पत्ता नाही. मी त्याच्यावर अभ्यास करत होते. ते खोकतंय का शिंकतंय याकडे कोण बघतो?

"बाप रे," सर्दीवाला म्हणाला. "वीज फार जाते का हो तुमच्याकडे?"

"नाही हो. कधीच नाही."

"मग बॅटरी-बिटरीचा प्रश्न नाही... बरं. आता ते सगळे तुकडे काढून टाकू, आणि डिस्कची तपासणी लावू. वीसेक मिनिटं लागतील. एक ऐका, ताई, नीट ऐका. अपडेट तुटलं तर मशीन मागे येतं. ही तपासणी मध्ये तुटली तर मशीन उठायचं नाही. सगळं नव्याने भरावं लागेल, त्याला दोन दिवस. तेव्हा या वीस मिनिटांत वीज जाता कामा नये."

"नाही जाणार," मी म्हटलं.

त्याने सांगितलं तसं एकेक करत गेले. तुकडे काढले. तपासणी लावली. पांढरी अक्षरं काळ्यावर सरकायला लागली. एक वाजून सहा मिनिटं झाली होती. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता, घशाला कोरड पडली होती. फोन कानाला, पावती हातात, अशी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. सर्दीवाला म्हणाला, "वाचा बरं त्या वेळा."

मी वाचायला लागले. नऊ बावन्न. एक चौदा. नऊ एकोणपन्नास. एक बारा. परत एक बारा. साडेपाच. नऊ पन्नास...

"विचित्र आहे," तो म्हणाला. "यंत्र असं वेळ लावून बिघडत नाही."

खरं होतं. ही यंत्राची वेळ नव्हतीच. ही माणसाची वेळ होती. रोज उठणाऱ्या, रोज चालणाऱ्या, पेपर वाचून झाल्यावर, दुपारची झोप घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी चहा झाल्यावर घरभर एक फेरी मारणाऱ्या माणसाची. आमच्या पॅसेजमध्ये भिंतीवर मोठा बोर्ड आहे, एकेका खोलीचा एकेक खटका. ज्या खोलीत माणूस नाही तिचा खटका बाबा पाडतात. कुणी आत शिरलं की वर करतात. टक, टक. दहा महिने तो आवाज रोज ऐकत होते आणि म्हणून मला तो ऐकूच येत नव्हता.

स्वयंपाकघरातलं घड्याळ एक वाजून बारा मिनिटं दाखवत होतं. बाहेरच्या खोलीत माणूस नव्हता, कारण ते माणूस इथे पाण्याचा पेला हातात धरून उभं होतं.

फट, फट, फट. पॅसेजमधून सपाता.

पेला कुठे पडला मला माहीत नाही. मी धावले. बाबा बोर्डासमोर उभे होते, हात वर, दोन बोटं खटक्यावर.

"हात काढा!"

मी पेशंटवर, वॉर्डबॉयवर, दादावर ओरडलेली आहे. बाबांवर असं कधी ओरडले नव्हते. ते दचकले. दचकलेला माणूस हातातलं खाली ओढतो, याची मला रोजची सवय आहे. सुई आत असताना पेशंट दचकला तर काय होतं ते मी जाणते. म्हणून बोलता बोलताच मी त्यांचं मनगट खालून धरून वर रेटलं. खटका जागेवर राहिला. बाहेरच्या खोलीतला पंखा फिरत होता. फिरत होता.

"अगं, काय झालं काय? मनगट सोड, दुखतंय!"

"तुम्ही बंद करत होतात!"

"मग? आत कुणी नाही."

"मशीन आहे!"

"मशीन म्हणजे माणूस आहे का? समोर माणूस नसेल तर वीज चालू ठेवायची नाही. हे मी तुला तू एवढीशी होतीस तेव्हापासून..."

"सकाळी मी आंघोळीला गेले तेव्हा बंद केलंत?"

"केलं."

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात!"

"तू विचारलंस, कॉम्प्युटरला हात लावलात का. नाही लावला. मी खटका पाडला."

नऊ महिने. अकरा वेळा. आणि हा माणूस कान लाल न होता समोर उभा, कारण त्याच्या हिशेबाने तो खोटं बोललेलाच नव्हता.

मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. पण बोलले, आता झाकून काय ठेवायचं?

"लांब्याकाकांना कुणीतरी खटका वर करून मारलं," मी म्हटलं. "मला तुम्ही खाली पाडून मारताय."

लांब्याकाका बाबांचे जोडीदार. खांबाइतका उंच माणूस म्हणून लांब्या. एका दुपारी खाली खटका पाडून, त्यावर पाटी अडकवून ते वर चढले. लाइनमन लोकांची पद्धत अशी की जो वर चढतो तो खटक्यावर आपल्या हाताने लाल पाटी लावतो, आणि काम झालं की त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कुणी पाटीला शिवायचं नाही, मग तो साहेब असो की साहेबाचा बाप. आणि काढायच्या आधी मोठ्याने विचारायचं, सगळे खाली आले का? उत्तर आल्याशिवाय काढायची नाही. त्या दिवशी कुणा साहेबाला घाई होती. माणसं जेवायला गेली असतील, असं समजून त्याने पाटी काढली आणि खटका वर केला. विचारलं नाही. बाबा शेजारच्या खांबावर होते. लांब्याकाकांना खाली त्यांनीच उतरवलं. साहेबाची बदली झाली. बाबांना मात्र चालू असलेल्या विजेवर कधी विश्वास ठेवता आला नाही.

बाबा मनगट चोळत आपल्या खोलीत गेले. दार लागलं.

कानाला फोन तसाच होता. "ताई?" सर्दीवाला हळूच म्हणाला. "वीज... नक्की कशी जाते ते कळलं वाटतं."

"कळलं."

"तपासणी झाली की परत अपडेट लावा. या वेळी जायला हवं. रीस्टार्ट झाल्यावर स्क्रीन काळी पडेल, बराच वेळ पडेल. तेव्हा फक्त धीर धरा. कितीही वाटलं तरी बंद करू नका." नाक ओढलं. "आणि त्यांना फार बोलू नका हो."

दीडला तपासणी निर्वेध पार पडली. निळं बटण तिसऱ्यांदा दाबलं. आता अपडेट एकदाच जायला हवं होतं, माझ्या सुईसारखं. दुसरी टोचणी नाही.

मागे सपाता वाजल्या. बाबा होते. हातात पेटीच्या तळातून काढलेली लाल पत्र्याची पाटी, कडा गंजलेल्या, वर अडकवायचा आकडा. पांढरी अक्षरं अर्धी उडालेली, तरी वाचता येत होतं: 'काम चालू आहे. हात लावू नये.'

"घे. लाव."

"तुम्हीच लावा ना."

"काम कुणाचं आहे?" बाबांनी विचारलं. "तुझं. मग पाटी तुझी. मी लावली तर मला काढता येईल. तू लावलीस तर माझ्या बापालासुद्धा येणार नाही."

मी पॅसेजमध्ये जाऊन बाहेरच्या खोलीच्या खटक्यावर पाटी अडकवली. बाबांनी ती मला एकदा नीट हलवून बघायला लावली, पडत नाही ना म्हणून. तेही आकड्याकडे नुसतं बोट करून, हात न लावता. मनगटावर माझ्या चार बोटांचे वळ होते. मी ते बघितले, आणि बाबांनी बाही खाली ओढली.

सव्वादोन. पन्नास टक्के. पावणेतीन. साठ. एकसष्ट आला तेव्हा मी खुर्चीचे हात धरून ठेवले होते. एकसष्ट. एकसष्ट. एकसष्ट. बासष्ट.

"गेलं पुढे!" मी ओरडले.

"खांबावर अर्ध्यात नाचायचं नसतं," बाबा म्हणाले. ते दारात स्टूल टाकून बसले होते, एक डोळा माझ्यावर, एक पाटीवर.

तीन वाजून दहा मिनिटांनी मशीन रीस्टार्ट झालं आणि स्क्रीन काळी पडली.

पडणारच होती. सर्दीवाल्याने सांगितलं होतं. पाच मिनिटं मी शांत होते. दहा मिनिटं झाली तेव्हा पाय हलायला लागला. पंधरा मिनिटं झाली. काहीच नाही. गोल फिरणारं चक्र नाही, अक्षर नाही, नुसता काळा चौकोन आणि त्यात माझं घामट तोंड. हेल्पलाइन लावली, माझा फोन परत फार महत्त्वाचा झाला होता. दादाचा फोन आला.

"काय गं, झालं का?"

"स्क्रीन काळी आहे. वीस मिनिटं."

"वीस? अगं, लटकलंय ते! सरळ प्लग ओढ आणि परत लाव. आणखी थांबलीस तर परीक्षा जाईल हातची. किती वाजले?"

साडेतीन वाजले होते.

खरं सांगते, मला सगळं माहीत होतं. बंद करू नका, हे मला दोघांनी सांगितलं होतं, एका माणसाने आणि एका मशीनने. पण काळी स्क्रीन समोर असताना डोक्यातली अक्कल पायात उतरते. हात काहीतरी करायला मागतो. चौदा वर्षं, पोरांना शिकवलेलं सगळं, पुढच्या महिन्यात काउंटरवर बसून पावत्या फाडणारी मी, सगळं त्या काळ्या चौकोनात दिसत होतं. मी उठले. टेबलाखाली वाकून प्लगला हात घातला.

"पाटी लागलेली आहे," बाबा म्हणाले.

"माझीच पाटी आहे. मीच काढते!"

"काम संपलं?"

"काम मेलं, बाबा! मेलंय ते!"

"कशावरून?" ते स्टुलावरून उठले आणि माझ्या अगदी शेजारी येऊन उभे राहिले. सत्तर वर्षांचा माणूस, माझ्या खांद्याला लागतो. "नाडी बघितलीस? का लांबूनच डॉक्टर झालीस?"

मग ते वाकले आणि त्यांनी मशीनच्या डब्याला हाताची मागची बाजू लावली. तळहात नाही. लाइनमन कधी तळहात लावत नाही. झटका बसला तर तळहात मिटून तिथेच चिकटतो, मागची बाजू दूर फेकली जाते.

"गरम आहे," ते म्हणाले. "आत कुणीतरी राबतंय. मेलेलं यंत्र गार पडतं. आणि हे बघ."

डब्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक दिवा होता, इतका बारीक की तीन वर्षांत मी तो बघितलाच नव्हता. लुकलुकत होता. थांबत होता, परत लुकलुकत होता.

प्लगवरचा हात मी काढून घेतला. सवयीने दिव्याचे ठोके मोजायला लागले. अनियमित होते, पण होते. बाबा उठले नाहीत, मीही उठले नाही. आम्ही दोघं जमिनीवर बसून एका डब्याची नाडी बघत राहिलो. फोनमधून दादा "हॅलो, हॅलो" करत होता. बाबांनी फोन उचलला. "माणसं कामावर आहेत. नंतर कर," म्हणाले आणि ठेवून दिला.

तीन चाळीस. तीन चव्वेचाळीस. घड्याळाच्या काट्याला कुणी तेल घातलं होतं कुणास ठाऊक.

तीन एक्कावन्नला स्क्रीन उजळली. 'नमस्कार,' असं आलं. मग 'आम्ही तुमच्यासाठी सगळं सज्ज करत आहोत.' मी त्याला इथे लिहिता येणार नाही अशी शिवी दिली. बाबांनी ऐकली नाही असं दाखवलं, तेव्हा मात्र त्यांचे कान लाल झाले.

परीक्षेचा प्रोग्राम उघडला. फिरला, फिरला, आणि दार उघडलं. कॅमेरा लागला. 'खोलीत दुसरी कोणतीही व्यक्ती नसल्याची खात्री करा.'

"बाबा, बाहेर."

"चाललो." दारात थांबले. "किती वेळ?"

"दोन तास."

दार लागलं. तीन सत्तावन्न झाले होते.

परीक्षेबद्दल काय सांगू? ज्याने पेपर काढला त्याने पुस्तक वाचलं होतं, हात वाचलेले नव्हते. तरी मला बहुतेक सगळं येत होतं, आणि जे पुस्तकात होतं पण हातात नव्हतं ते मी नऊ महिने त्याच आजारी मशीनवर घोकलेलं होतं. मध्ये साडेपाच वाजले तेव्हा माझी माउसवरची बोटं थांबली. साडेपाच म्हणजे तिसरी फेरी. मी कान दिला. सपाता वाजल्या नाहीत.

सहाला 'उत्तरं मिळाली' असं आलं. मी दार उघडलं.

बाबा बोर्डाखाली स्टूल टाकून बसले होते, पाटीच्या बरोबर खाली, हात मांडीवर. स्वयंपाकघरातला दिवा चालू होता. न्हाणीघरातला चालू होता. त्यांच्या स्वतःच्या रिकाम्या खोलीत पंखा फुल्ल वेगाने कुणालाच वारा घालत होता. दोन तास ते तिथून हलले नव्हते.

"कशी गेली?"

"एखाददुसरी शीर चुकली. बाकी सगळ्या सापडल्या."

"हं." त्यांनी मान हलवली. तोंडावर काही दाखवलं नाही, पण उठताना माझा खांदा धरला. "मग काढ पाटी."

मी हात वर केला.

"आधी विचार!" बाबा खेकसले.

मला एकदम उमगलं नाही. मग उमगलं. घरात आम्ही दोघंच, समोरासमोर, हातभर अंतरावर. तरी मी मान वर करून, खांबाच्या टोकाशी कुणी बसलंय असं समजून, मोठ्याने विचारलं, "सगळे खाली आले का?"

बाबांनीही मान वर करून बघितलं.

"आले," ते म्हणाले. "काढ."

मी पाटी काढून त्यांच्या हातात दिली. ती बाहीने पुसत, सपाता फटफटवत ते आपल्या खोलीकडे गेले, आणि जाता जाता स्वयंपाकघराच्या खटक्याकडे हात नेला. मग थांबून माझ्याकडे बघितलं.

"तिथे काही चालू नाही ना?"

"नाही, बाबा."

टक.